दुष्काळ पडतो, पूर येतो

पाऊस पडतो, तसा दुष्काळही पडतो; पूर मात्र पडत नाही, तो येतो. संकट कोसळते, प्रसंग गुदरतो, आपत्ती ओढवते, साथ पसरते, तोटा येतो, टंचाई भासते आणि कर्ज होते. या क्रियापदांची आपापसांत अदलाबदल केली, तर 'पूर पडला', 'टंचाई गुदरली', 'कर्ज कोसळले' अशी जी वाक्ये तयार होतात, त्यांत व्याकरणाचा कोणताही नियम मोडलेला नसतो. कर्ता जागेवर असतो, क्रियापद त्याच्या लिंगवचनाशी जुळलेले असते, थोडा ताण दिल्यास अर्थही लागतो. असे असूनही भंडाऱ्याच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसलेली, शाळेची पायरीही न चढलेली बाई असे वाक्य कधी बोलणार नाही, आणि दुसऱ्या कोणी बोलल्यास हा माणूस आपल्या मुलखातला नव्हे, हे ती तत्क्षणी ओळखील. हे ज्ञान तिला कोणी दिले?

हेच कोडे इंग्रजीच्या वहीत उलट्या बाजूने भेटते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजी शिकवू लागले. म्हणजे साकोली किंवा लाखांदूर तालुक्यातील एखादा विद्यार्थी दहावीच्या परीक्षेला बसतो, तोपर्यंत त्याने त्या भाषेची संगत बरीच वर्षे केलेली असते. तरीही तो 'अ प्रॉब्लेम केम टु मी' असे लिहितो, 'वुई गॉट अ बिग लॉस' असे लिहितो, 'ही डिड अ मिस्टेक' असे लिहितो, आणि शिक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतात. शब्द सगळे शुद्ध, काळ बरोबर, स्पेलिंग बिनचूक. मग चुकले काय? इंग्रजीच्या रिवाजाप्रमाणे माणूस अडचणीला 'फेस' करतो, तोटा 'सफर' करतो आणि चूक 'मेक' करतो. त्या विद्यार्थ्याने मराठी जोड्या प्रामाणिकपणे इंग्रजीत नेल्या, एवढाच त्याचा अपराध. भाजीवाल्या बाईचे ज्ञान आणि या मुलाची चूक या दोहोंच्या मुळाशी भाषेचा एकच गुणधर्म आहे.

जुंपलेली जोडी

ज्याने आमच्या भागातला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिला आहे, त्याला हा गुणधर्म समजावयास वेळ लागू नये. पटाच्या जोडीतला बैल कितीही चपळ असला, तरी त्याला दुसऱ्या जोडीतल्या तितक्याच चपळ बैलाशेजारी जुंपले म्हणजे धाव सरळ जात नाही. दोघांच्याही अंगात बळ असते, परंतु एकमेकांच्या चालीची सवय नसते. नामांनाही अशीच विशिष्ट क्रियापदांच्या आणि विशेषणांच्या शेजारी धावण्याची सवय जडलेली असते. भाषाशास्त्रज्ञ या सवयीला 'कॉलोकेशन' म्हणतात. आपण तिला शब्दसाहचर्य म्हणू.

शब्दसाहचर्य म्हणजे वाक्प्रचार नव्हे, हा भेद येथेच स्पष्ट केलेला बरा. 'नाकी नऊ येणे' यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असला तरी संपूर्णाचा अर्थ त्यावरून काढता येत नाही. तो स्वतंत्रपणे शिकावा लागतो. उलट 'जुनी अडचण', 'घरची अडचण', 'पैशाची अडचण' यांसारख्या रचना सर्वस्वी मोकळ्या आहेत. तेथे वक्त्याला हवा तो शब्द ठेवण्याची मुभा असते. या दोन टोकांच्या मधला जो प्रदेश, तो साहचर्याचा. 'दुष्काळ पडला' याचा अर्थ परक्यालाही लागतो, परंतु तेथे 'पडला' हेच क्रियापद यावे हे त्याला कोणत्याही नियमावरून ठरवता येत नाही. कधीकधी ही जोडी इतकी पक्की होते की एका शब्दाला दुसऱ्यावाचून अस्तित्वच उरत नाही. दारिद्र्य 'अठराविश्वे' असते. परंतु अठराविश्वे दुःख, अठराविश्वे टंचाई किंवा अठराविश्वे कर्ज कोणी ऐकले आहे काय?

ही सवय जडते ती पुनरुक्तीने. मूल 'दुष्काळ' हा शब्द सुटा कधी ऐकतच नाही. आजी सांगते तेव्हा तो पडलेलाच असतो, वर्तमानपत्रात येतो तेव्हा तो भीषण असतो आणि तहसीलदारांच्या तोंडी येतो तेव्हा तो जाहीर झालेला असतो. शेकडो वेळा असे कानांवर पडल्यावर मूल ती जोडी अखंड एकच वस्तू म्हणून स्मृतीत ठेवते आणि बोलताना अखंडच बाहेर काढते. बोलण्याच्या वेगात प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे निवडावयास कोणालाच सवड नसते. आपल्या बोलण्याचा मोठा भाग अशा तयार जोड्यांचा बनलेला असतो. परभाषा शिकणारा मात्र कोशातून सुटे शब्द उचलतो आणि त्यांची जोडी स्वतःच्या भाषेच्या सवयीने लावतो, म्हणून त्याचे बोलणे शुद्ध असूनही अडखळते.

मोल्सवर्थच्या कोशातील एक अक्षर

साहचर्याच्या या विचाराचे श्रेय सामान्यतः जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाला दिले जाते. 1919 ते 1928 या काळात ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनला गेल्यावर, 1950 नंतरच्या दशकात, शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा हा सिद्धान्त त्यांनी मांडला. त्यांच्याही आधी हॅरोल्ड पामर यांनी टोकियोत जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याच्या खटाटोपातून अशा जोड्यांची मोठी यादी तयार करून 1933 साली प्रसिद्ध केली होती, आणि त्याच टोकियोच्या परंपरेतले ए. एस. हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश 1942 साली जपानात निघून 1948 साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून जगभर गेला. पुढे संगणक आला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी कोट्यवधी शब्दांचा मजकूर संगणकात साठवून कोणता शब्द कोणाच्या शेजारी किती वेळा येतो हे मोजविले, आणि त्या मोजणीवर आधारलेला कोबिल्ड कोश 1987 साली बाहेर पडला.

परंतु मराठी माणसाने या इतिहासात आणखी एक नाव अभिमानाने घालावे, असे मला मनापासून वाटते. जेम्स मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आणि टॉमस कँडी यांच्या सहकार्याने वाढविलेली दुसरी आवृत्ती 1857 साली मुंबईत निघाली. हा कोश उघडून एखादे नाम काढावे, म्हणजे अर्थाच्या ओळींमध्ये 'व्ही' हे इंग्रजी अक्षर बारीक टायपात दिसते आणि त्यापुढे 'कर', 'घाल', 'पड', 'लाग', 'ये' अशी धातूंची मालिका दिसते. ते नाम कोणत्या क्रियापदांबरोबर चालते, याची ती नोंद होय. मोल्सवर्थच्या पदरी असलेल्या मराठी शास्त्र्यांनी आणि खुद्द त्याने फर्थच्या सिद्धान्तापूर्वी शंभरांहून अधिक वर्षे हे ओळखले होते की, परक्याला नुसता शब्द देऊन भागत नाही. त्याची जोडीही द्यावी लागते. मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजाला जी सोय त्यांनी करून दिली, ती इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या शालेय शब्दसूचीत अजून पुरेशी दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

कर्ता कोण?

आता मूळ अडचणीकडे वळू. अडचणीच्या शब्दांतच मराठी मुलगा इंग्रजीत विशेष का अडखळतो? याचे कारण केवळ जोड्या निराळ्या असणे हे नव्हे. वाक्याची बांधणीच उलटी असते.

मराठीत 'मला ताप आला', 'त्याला तोटा आला', 'आमच्यावर संकट कोसळले', 'तिला दुःख झाले' असे आपण म्हणतो. या प्रत्येक वाक्यात कर्त्याच्या आसनावर ताप, तोटा, संकट, दुःख बसलेले असते. माणूस 'ला' किंवा 'वर' लागून बाजूला उभा असतो. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, अनुभवणारा माणूस येथे प्रथमेत नसतो. इंग्रजी मात्र बहुधा माणसालाच कर्ता करते: 'आय हॅव अ फीव्हर', 'ही सफर्ड अ लॉस', 'वुई फेस्ड अ क्रायसिस', 'दे एन्ड्युअर्ड हार्डशिप'. सोसणारा मनुष्य तेथे क्रियापदाचा धनी असतो, मग त्याच्या हातून प्रत्यक्षात काहीही घडलेले नसो. म्हणून मराठी मुलाने इंग्रजीत अडचण सांगताना पहिली गोष्ट ही करावी की, वाक्यातल्या माणसाला उचलून अग्रस्थानी बसवावे आणि त्यानंतर त्याला शोभणारे क्रियापद शोधावे.

यावरून काही विद्वान असा निष्कर्ष काढतात की, मराठी मनुष्य दैववादी आणि इंग्रज पुरुषार्थवादी. मला हा निष्कर्ष मुळीच मान्य नाही. इंग्रजीतही माणूस आजारात 'फॉल' होतो, म्हणजे पडतोच, आणि दुर्दैव त्याच्यावर 'बिफॉल' होते; उलट मराठीत संकट कोसळून झाल्यावर माणूस उठून त्याला तोंड देतो, त्याच्याशी टक्कर घेतो, त्यातून मार्ग काढतो, वेळ निभावून नेतो आणि शेवटी मात करतो. या सर्व ठिकाणी कर्ता माणूसच आहे. मराठीने एवढाच विवेक केला आहे की, जे आपल्या इच्छेविरुद्ध घडले त्यात आपण कर्ते नव्हतो, आणि जे आपण केले त्यात होतो.

मात्र या बांधणीचा एक धोका आहे: जेथे कर्ता खरोखर असतो, तेथेही तो झाकला जातो. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजी बसली आणि पुढे कित्येक गावे बुडितात गेली. 'गाव बुडितात गेले', 'गाव उठले', 'पुनर्वसन रखडले' असे आपण सहज म्हणतो. गाव आपण होऊन उठत नाही, आणि पुनर्वसन स्वतःहून रखडत नाही. कोणीतरी ते उठवते आणि कोणीतरी ते रखडवते. इंग्रजीत 'द व्हिलेजर्स वेअर डिस्प्लेस्ड' असे म्हटले तरी कर्ता तितकाच झाकलेला राहतो. ज्यांची घरे गेली त्यांच्या अर्जात तरी कर्ता स्पष्ट लिहिला जावा.

धानाच्या एका हंगामात

आमचा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. धानाच्या एका हंगामात अडचणींची जी परंपरा उभी राहते, ती दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे साहचर्याची जात नेमकी कळते.

मृगात धानाचे पऱ्हे (रोपे) टाकले जातात. मग पाऊस दडी मारतो; इंग्रजीत तो 'फेल' होतो, 'द रेन्स फेल'. मराठीत तो कोठेतरी दडून बसला आहे आणि येईल अशी आशा असते. इंग्रजीत तो नापासच झालेला असतो. रोवणी खोळंबते, बोडी (लहान तलाव) आटते, पऱ्हे करपतात. आषाढ-श्रावणात तोच पाऊस झोडपून काढतो. येथे विद्यार्थी 'बिग रेन' लिहितो, कारण मराठीत पाऊस मोठा असतो. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, आणि तोटाही 'हेवी'च असतो. वैनगंगेला पूर येतो. 2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्यप्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सोडल्यावर असाच महापूर आला आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. मराठीत पूर येतो, पाणी शिरते, वेढा पडतो, संपर्क तुटतो आणि मग पूर ओसरतो. इंग्रजीत 'फ्लड्स हिट' किंवा 'स्ट्राइक', रस्ते 'कट ऑफ' होतात आणि पाणी 'रिसीड' होते. 'ओसरणे' हे क्रियापद आपण पुराला, तापाला, गर्दीला आणि दुःखालाही लावतो. 'रिसीड' मात्र तापाला लावत नाहीत, ताप 'सबसाइड' होतो.

पाणी ओसरले तरी धानावर करपा पडतो, तुडतुडा लागतो, खोडकिडा शिरतो. प्रत्येक शत्रूचे क्रियापद निराळे आहे, आणि त्यात निरीक्षण आहे: करपा हा पानांवर डागांच्या रूपाने दिसणारा रोग, म्हणून तो पडतो, तुडतुडा बुंध्याशी चिकटून रस शोषतो, म्हणून तो लागतो, खोडकिड्याची अळी खोडात शिरून ते पोखरते. इंग्रजीत या सर्वांना मिळून 'अटॅक' आणि 'इन्फेस्ट' अशी क्रियापदे बहुतांशी पुरतात. आमच्या या झाडीपट्टीच्या बोलीत तर अशा जोड्यांचा साठा याहूनही मोठा आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करून या बोलीची फार मोठी सेवा केली. त्यातल्या नामांची क्रियापदेही गावोगावच्या वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडून टिपून घेण्याचे काम आपल्या महाविद्यालयांनी हाती घेतले पाहिजे.

शेवटी माल घरात येतो तेव्हा भाव पडतो, 'प्राइसेस फॉल'. येथे दोन्ही भाषा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि विद्यार्थ्याला विनासायास गुण मिळतो.

बांधीतून कचेरीत

दुष्काळ पडतो तो शेतात. जाहीर होतो तो कचेरीत. अडचण बांधावरून टेबलावर गेली की तिचे सोबती बदलतात, आणि त्यांत फारसी-अरबी वळणाचे शब्द भराभर येऊ लागतात. ते साहजिकही आहे. मुघल आणि मराठी अमदानीत रुळलेली दप्तराची भाषा इंग्रजांनी बव्हंशी तशीच चालविली, 1956 पर्यंत मध्यप्रदेशात असलेल्या आमच्या जिल्ह्यात मालगुजारी, बंदोबस्त, तहसील हे शब्द घरगुती झाले, आणि मालगुजारी जाऊन कित्येक दशके लोटली तरी तलावांना आम्ही आजही 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असेच म्हणतो.

कचेरीत पंचनामा होतो, पैसेवारी काढली जाते, सारा तहकूब होतो किंवा त्यात सूट मिळते, पूर्वी तगाई (शेतकऱ्याला सरकारी कर्ज) वाटली जात असे, आता अनुदान मंजूर होते, कर्ज माफ होते आणि वसुली स्थगित होते. पैसेवारी म्हणजे पूर्ण पिकाला शंभर पैसे मानून प्रत्यक्ष हाती आलेल्या पिकाचे केलेले मोजमाप. ती पन्नास पैशांच्या खाली गेली म्हणजे टंचाई मानण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. इंग्रजीत याच क्रमाने नुकसान 'अॅसेस' होते, दुष्काळ 'डिक्लेअर' होतो, मदत 'ग्रँट' होते, कर्ज 'वेव्ह' होते आणि भरपाई 'पे' होते. अर्ज लिहिणाऱ्याने या जोड्या नेमक्या वापरल्या, तर वाचणाऱ्या कारकुनाला अर्जाचा आशय पहिल्या ओळीत कळतो. 'माझे फार वाईट झाले' या वाक्यात दुःख पुरेपूर आहे, परंतु त्यावर शेरा मारता येत नाही.

चौकट: अडचण सुटते कशी?
• प्रश्न सुटतो: प्रॉब्लेम 'सॉल्व्ह' करतात.
• अडचण दूर होते: डिफिकल्टी 'ओव्हरकम' करतात.
• संकट टळते: क्रायसिस 'अव्हर्ट' करतात.
• गरज भागते: नीड 'मीट' करतात.
• तंटा मिटतो: डिस्प्यूट 'सेटल' करतात.
• कर्ज फिटते: डेट 'रीपे' करतात.
• हाल सोसतात: हार्डशिप 'एन्ड्युअर' करतात.
• दारिद्र्याचे निवारण होते: पॉव्हर्टी 'अलिव्हिएट' करतात.

वाईटाशीच सोयरीक

संगणकाने केलेल्या मोजणीतून एक गोष्ट अशी उघड झाली, की जी इंग्रजी ही मातृभाषा असणाऱ्यांच्याही ध्यानात पूर्वी आली नव्हती. 'कॉज' या क्रियापदाचा कोशातला अर्थ 'कारण होणे' एवढाच. त्यात बरे-वाईट काही नाही. परंतु प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा त्याच्यापुढे येणारी नामे बहुतेक सर्व अनिष्ट निघाली: ट्रबल, डॅमेज, डिले, पेन, डेथ. तीच गोष्ट 'सेट इन' या जोडक्रियापदाची; सिंक्लेअर यांनी दाखविल्याप्रमाणे जे 'सेट इन' होते ते सहसा सडणे, कुजणे, निराशा अशांपैकीच असते. शब्दाच्या अंगी सोबत्यांचा गुण उतरतो, तो असा. म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने कृतज्ञतेने 'माय टीचर कॉज्ड माय सक्सेस' असे लिहिले, तर व्याकरण त्याला अडवणार नाही, परंतु वाचणाऱ्याला ते यश एखाद्या अपघातासारखे वाटेल.

मराठीतही अशी क्रियापदे आहेत आणि ती आपण न शिकता अचूक वापरतो. 'ओढवणे' घ्या: आपत्ती ओढवते, मृत्यू ओढवतो, नामुष्की ओढवते, लग्न किंवा बढती ओढवत नाही. 'गुदरणे' तसेच, 'बेतणे' तर जिवावरच. कारण दाखविणाऱ्या शब्दांतही हा भेद आहे. 'कृपेने' म्हटले की चांगले घडलेले असते, 'पायी' म्हटले की काहीतरी गमावलेले असते: दारूपायी शेत गेले, हट्टापायी नाते तुटले. 'मुळे' तेवढे दोन्हीकडे चालते. कोशात हा रंग क्वचितच नोंदलेला असतो, म्हणून परभाषेचा शब्द उचलताना त्याचा नुसता अर्थ पाहून थांबू नये. तो कोणाच्या संगतीत वावरतो याची चौकशी करावी.

वही कशी ठेवावी

ही चौकशी करण्यास संगणक किंवा महागडे कोश लागतातच असे नाही. नागपूरहून 1911 पासून निघणारे 'हितवाद' हे इंग्रजी दैनिक भंडारा-तुमसरपर्यंत मिळते. त्यातली पाऊस, पीक, अपघात, कर्ज यांची एक बातमी घ्यावी. अडचणीचे नाम दिसले की ते एकटे न उतरवता डावीकडचे विशेषण आणि पुढचे-मागचे क्रियापद यांसह उतरवावे: 'सिव्हिअर ड्रॉट', 'अक्यूट शॉर्टेज', 'सीरियस प्रॉब्लेम', 'एक्स्ट्रीम पॉव्हर्टी'. त्याच्यासमोर मराठी अर्थ न लिहिता मराठी जोडी लिहावी: भीषण दुष्काळ, तीव्र टंचाई, गंभीर प्रश्न, अठराविश्वे दारिद्र्य. वहीचे पान उभे दुमडून एका बाजूस इंग्रजी आणि दुसरीकडे मराठी ठेवल्यास एक बाजू झाकून दुसरी म्हणता येते. दुर्मीळ आणि डौलदार शब्दांच्या मागे आरंभी लागू नये. प्रॉब्लेम, डिफिकल्टी, ट्रबल, लॉस, डॅमेज, डेट, शॉर्टेज, क्रायसिस, हार्डशिप आणि मिस्टेक या दहा नामांच्या जोड्या पक्क्या झाल्या, म्हणजे दहावीच्या निबंधापासून बँकेच्या अर्जापर्यंतचे बरेचसे काम भागते. शिक्षकांनीही चुकलेल्या जोडीखाली नुसती तांबडी रेघ न ओढता समासात बरोबर जोडी लिहून द्यावी, आणि ती मराठीत कशी आहे हे मुलाकडूनच वदवून घ्यावे.